पिठाच्या गिरणीतला खोकला

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. ही हकीकत तिथल्याच एका पेशंटची. ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत, आणि त्यांना इथे नुसतं ताई म्हटलं आहे. लिहू का, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा की, पण गिरणीचं नाव नको."

ताई चाळिशीच्या. घरात मालक, सासूबाई आणि बारावीतली मुलगी. घराच्या पुढच्या अंगाला पिठाची गिरणी, शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये मिरची-मसाल्याचं कांडप. गिरणी मालकांच्या नावावर, पण सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत जात्यापुढे ताईच उभ्या. मालक उधारी-वसुली बघायचे, जात्याला टाकी लावायचे, कर्जाचे हप्ते भरायचे. असं बारा वर्षं चाललं होतं. आमच्या केसपेपरवर मात्र त्यांच्या नावापुढे 'व्यवसाय : गृहिणी' असं लिहिलेलं होतं. कंपाउंडरने "काय करता?" विचारलं असणार आणि त्या "घरीच असते" म्हणाल्या असणार. गिरणी घरातच, म्हणजे त्याही खोटं बोलल्या नव्हत्या. पण त्या एका शब्दाने आमचं दीड वर्ष खाल्लं.

त्या पहिल्यांदा आल्या 2021 च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावर. तीन आठवड्यांचा कोरडा खोकला. कोविडचा काळ होता, म्हणून ती तपासणी आधी केली, निगेटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हटल्यावर थुंकी टीबीसाठी पाठवली, तीही निगेटिव्ह. मी अँटिबायोटिक, खोकल्याचं पातळ औषध आणि ॲलर्जीची गोळी दिली. आठ-दहा दिवसांनी बरं वाटलं. डिसेंबरात पुन्हा तेच.

अडचण नेमकी कुठे होती

दमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धापा टाकणारा, छातीतून सुंई-सुंई वाजणारा म्हातारा माणूस येतो. ताईंच्या छातीला मी दर वेळी नळी लावली आणि दर वेळी छाती साफ होती. त्या यायच्या सकाळी अकराला, गिरणीत गर्दी कमी असते तेव्हा. दम्याचा जोर रात्री आणि पहाटे. श्वासनलिकांना आतून सूज असते, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आणि रात्री शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड कमी झालेलं असल्याने पहाटेकडे हा आवळ वाढतो. दिवसा ऐकलेली साफ छाती पहाटेच्या छातीबद्दल काहीच सांगत नाही. हे मी कॉलेजात शिकलो होतो. तरी ताईंना "रात्री किती वाजता जाग येते?" हा प्रश्न विचारायला मला दीड वर्ष लागलं.

मधल्या काळात असं झालं की मी गावाला गेलो असताना त्या दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. तिथे सुई आणि वाफारा मिळाला, आठवडाभर एकदम मोकळं वाटलं. मग त्या कधी तिकडे, कधी माझ्याकडे. मागाहून सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या तेव्हा दिसलं की वर्षभरात स्टेरॉइडच्या गोळ्यांचे तीन छोटे कोर्स झालेत, त्यांतला एक माझ्याच अक्षरात. स्टेरॉइडने खोकला झटकन बसतो आणि परत येतो, ही खूणच होती. पण तीन चिठ्ठ्या तीन ठिकाणी असल्या की खूण दिसत नाही.

2023 च्या मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी त्या चिपळूणकडे माहेरी गेल्या. दहा दिवस राहिल्या. आल्यावर मला म्हणाल्या, "डॉक्टर, तिकडं एकदाही खोकला नाही बघा. माहेरचं पाणी मानवतं." मी हसलो. बरोबर मुलगी होती. ती म्हणाली, "पाणी कसलं? आई इथे रोज तीनला उठते. दोन उशा पाठीला लावून बसूनच झोपते."

मग मी विचारलं, दिवसभर काय करता. त्यांनी पदर झटकला आणि पिठाचा बारीक ढग माझ्या टेबलावर उतरला. असं प्रत्यक्ष घडलं नसतं तर मी लिहायला धजावलो नसतो.

बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने 1700 सालीच लिहून ठेवलं आहे की पेशंटला विचारायच्या प्रश्नांत आणखी एक घाला : तुझा धंदा कोणता? गिरणीवाले आणि भटारखान्यातले लोक खोकतात, त्यांना धाप लागते, हेही त्याने टिपलं होतं. गव्हाच्या पिठाची ॲलर्जी होऊन होणारा दमा हा जगभर ओळखीचा व्यावसायिक आजार आहे. त्यात आधी बहुधा नाक बोलतं : शिंका, पाणी, डोळ्यांना खाज. ताईंना हे सगळं 2019 पासून होतं. आम्ही त्याला सर्दी म्हणत होतो.

खात्री कशी केली

जिल्ह्याच्या ठिकाणी छातीविकारतज्ज्ञांकडे फुंकायच्या तपासणीला, म्हणजे स्पायरोमेट्रीला पाठवलं. रिपोर्ट आला नॉर्मल.

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण. माहेरून आल्यावर चारच दिवसांत तपासणी झाली होती. दमा चढउताराचा आजार आहे. बऱ्या दिवशी केलेली तपासणी नॉर्मलच येणार. सासूबाईंनी मात्र सुटकेचा श्वास टाकला : "बघा, दमा नाहीच." त्यांच्या मनात नातीच्या लग्नाचं होतं. स्थळं विचारतात, घरात दमा आहे का. तिथेच थांबणं सगळ्यांनाच सोयीचं होतं, मलासुद्धा.

त्याऐवजी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकलेली हवा किती जोरात बाहेर पडते ते मोजायचं साधन, घ्यायला सांगितलं. हजाराच्या आत मिळणारी प्लॅस्टिकची नळी, आकड्यांवर सरकणारा काटा. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एकदाच जोरात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्याबरोबर, दुपारी, गिरणी बंद केल्यावर आणि झोपताना. मी छापील तक्ता दिला होता. तो त्यांनी कुठेतरी ठेवला आणि आकडे लिहिले भिंतीवरच्या कालनिर्णयवर, जिथे दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहायच्या तिथेच, पेन्सिलीने. महिन्याने ते पानच फाडून घेऊन आल्या.

सकाळचे आकडे 250-260, संध्याकाळी 290 पर्यंत. निरोगी माणसातही थोडा फरक असतो, पण रोजचा असा फरक सरासरी दहा टक्क्यांच्या वर जाऊ लागला की मोठ्या माणसात दम्याचा संशय पक्का होतो. त्याहून बोलकं काही होतं ते जूनच्या मधल्या आठवड्यात. वळवाच्या पावसात गावातली डीपी जळाली आणि तीन दिवस गिरणीला वीज नव्हती. त्या चौकटींत ताईंनी 'गि. बं.' लिहिलं होतं, आणि खाली आकडे : 280, 310, 335. चौथ्या दिवशी वीज आली. साठलेलं दळण एका दमात काढलं. पाचव्या दिवशी सकाळी 240.

ते पान मी अजून ठेवलं आहे. एवढा स्वच्छ पुरावा मला कुठल्याही मशीनने दिलेला नाही, आणि तो वीज मंडळाच्या कृपेने मिळाला.

दुसरी स्पायरोमेट्री खोकल्याच्या भर दिवसांत केली. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 1.62 लिटर; श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध ओढून पंधरा-वीस मिनिटांनी 1.98. साधारणपणे 12 टक्के आणि 200 मिलिलिटर एवढी वाढ दम्याच्या बाजूने धरतात. इथे 22 टक्के होती. त्वचेवरच्या चाचणीत गव्हाचं पीठ आणि धान्यातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे, दोन्हींना गांधी उठल्या.

समोर कोणते पर्याय होते

तज्ज्ञांनी सरळ सांगितलं आणि मलाही तेच पटत होतं : पिठाची ॲलर्जी असेल तर सगळ्यांत चांगला उपाय पिठापासून पूर्ण लांब जाणं. लक्षणं असताना जितकी वर्षं तिथे काढाल तितकं पुढे पूर्ण बरं होणं अवघड. औषधं घेत तिथेच उभं राहणं हा दुय्यम मार्ग. धूळ कमी करून राहणं या दोन्हींच्या मधला.

मालक ऐकून घेत होते. मग म्हणाले, "डॉक्टर, गिरणी बंद केली तर हप्ता कोण भरणार?" यावर वैद्यकशास्त्राकडे उत्तर नाही. माणूस ठेवायचा तर महिन्याचा पगार, आणि बायकांची दळणं ताईंच्या शब्दावर येत होती. कुणाच्या डब्यात ज्वारीनंतर गहू दळलेला चालत नाही, कुणाला पीठ बारीक लागतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात.

सासूबाईंचेही पर्याय होते. कोजागरीच्या चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देणारे एक वैद्य, आणि मृग लागताना हैदराबादला मिळणारं जिवंत माशातलं औषध. मी अडवलं नाही; अट एकच घातली, मी दिलेला पंप, म्हणजे तोंडाने ओढायचं दम्याचं औषध, बंद करायचा नाही. दमा आपोआप वर-खाली होत असतो, त्यामुळे मध्ये जे काही घेतलं त्याला श्रेय जातं, एवढं समजावून सांगितलं. पटलं असं वाटत नाही. खीर त्यांनी खाल्ली, जागरण झालं, सकाळी आकडा लिहिला. फरक नव्हता.

मात्र एका गोष्टीवर मी भांडलो. पिठाची ॲलर्जी म्हणताच घरात ताईंची पोळी बंद झाली, मग भात, केळं, दही. श्वासातून जाणाऱ्या कोरड्या पिठाने दमा होणारी बहुतेक माणसं पोळी निवांत खाऊ शकतात; ताईही वर्षानुवर्षं खात होत्या आणि माहेरी दहा दिवस पोळ्या खाऊनच बऱ्या होत्या. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईच्या ताटातून अन्न काढून घ्यायला काही आधार नव्हता.

काय केलं

ठरला तो मधला मार्ग. चाडीत धान्य ओतायचं, पीठ भरायचं काम मालकांकडे. ताई पुढे वजनकाट्यावर. पीठ पडतं त्या तोंडाची कापडी बाही फाटकी होती, ती नवी शिवून डब्याच्या तोंडाशी दोरीने आवळायची. झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसणं. पीठ झाडूने उडवणं म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा छातीत भरणं. एकाच बदलाने संध्याकाळचे आकडे सुधारले. तोंडाला पदर किंवा रुमाल नको, एन-95 मास्क, तोही नाकावर दाबून बसवलेला. रात्री डासांची कॉइल बंद करून मच्छरदाणी. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण शंभरेक सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असं मोजलं गेलं आहे. ताईंच्या उशाशी ती रात्रभर जळत होती.

औषध म्हणून दोन पंप. एक रोजचा, सूज उतरवणारा, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ. दुसरा निळा, धाप लागली तर तेवढ्यापुरता. 'पंपाची सवय लागते' हा प्रश्न अर्थातच आला. मी सांगितलं की पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनलिकेत जातं. तुम्ही वर्षात तीनदा घेतलेले गोळ्यांचे कोर्स त्याच्या कैक पट होते. पंप कसा ओढतात ते समोर करून घेतलं. हे कुणी करून घेत नाही. कोरड्या पावडरीची कॅप्सूल यंत्रात न घालता पाण्याबरोबर गिळणारे पेशंट मी पाहिलेत. ताईंची चूक अशी की आधी श्वास सोडून छाती रिकामी करायच्याच नाहीत, आणि पफ मारल्यावर लगेच बोलायच्या. स्पेसर, म्हणजे मधली नळकांडी दिली. हळू ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, मग चूळ भरून थुंका.

एका कागदावर तीन रंग लिहून दिले. त्यांचा सर्वांत चांगला आकडा 360. 290 च्या वर हिरवा, 290 ते 180 पिवळा, 180 च्या खाली लाल. लालमध्ये काय करायचं तेही. कागद त्यांनी रिपोर्टांच्या फाइलमध्ये जपून ठेवला.

मार्चमधली रात्र

2023 ची दिवाळी चांगली गेली. जानेवारीत रात्री सलग झोप. आणि चांगलं वाटतंय म्हटल्यावर रोजचा पंप हळूहळू सुटला. निळा मात्र पर्समध्ये. त्याने पाच मिनिटांत मोकळं वाटतं, रोजच्याने तसं काही जाणवत नाही. माणूस जे जाणवतं त्यावर विश्वास ठेवतो. निळा फक्त आवळलेले स्नायू सैल करतो, सूज आत तशीच राहते. 2019 पासून दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी, ज्यांना डॉक्टर 'जिना' म्हणतात, मोठ्या माणसांना एकट्या निळ्या पंपावर ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. मी ताईंना दोन्ही दिले होते. पण दोन दिले की माणूस एक निवडतो.

2024 चा मार्च, मिरचीचा हंगाम. लग्नाच्या बोलणीसाठी मालक बाहेरगावी. दारात संकेश्वरी मिरचीची पोती घेऊन बायका बसलेल्या, कांडपाला दुसरं कुणी नाही. ताई उभ्या राहिल्या, दोन तास. मास्क घामाने भिजला म्हणून काढला.

रात्री साडेअकराला धाप सुरू झाली. आल्याचा रस-मध, गरम पाण्याची वाफ, छातीला बाम. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर मुलीने बोटाला लावला : 95. सगळ्यांना धीर आला. इथेच चाळीस मिनिटं गेली. दम्याच्या झटक्यात ऑक्सिजन उशिरा घसरतो. सुरुवातीला शरीर जोर लावून तो टिकवून धरतं. बघायचं ते हे : माणूस एका श्वासात वाक्य पुरं करतो का, गळ्याखालची खळगी आत ओढली जाते का, हात टेकून पुढे वाकून बसतो का. ताईंना "पा… णी… दे" असं तुटक बोलावं लागत होतं. पुढे छातीतली घरघर कमी झाली तेव्हा सासूबाईंना वाटलं उतार पडला. घरघर थांबून धाप वाढत असेल तर हवा आतबाहेर जाणंच कमी झालेलं असतं. ती सगळ्यांत वाईट खूण.

मुलीला कागद आठवला. फाइल कपाटात, कपाटाची किल्ली मालकांकडे. तिने मला फोन लावला. मी म्हणालो, फुंकायला सांग. आकडा 170. "स्पेसर लाव, निळ्याचे चार पफ, एकेक करून, प्रत्येकाला चार-पाच श्वास. वीस मिनिटांनी पुन्हा. आणि आत्ता 108 ला फोन." गाडी यायच्या आत शेजाऱ्याने जीप काढली. मी म्हटलं, ज्यात आधी पोहोचाल त्यात जा, वाटेत पफ चालू ठेव. दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा ऑक्सिजन 89 होता. दोन रात्री राहिल्या.

निष्पत्ती

घरी आल्यावर औषधांच्या दुकानातली बिलं मागवली. रोजच्या पंपात 120 मात्रा. दिवसाला चार म्हणजे तीस दिवस. सात महिन्यांत बिलं तीन होती. निळ्याची चार. हे गणित मला दर महिन्याला करता आलं असतं.

आता तज्ज्ञांच्या सल्ल्याने एकच पंप आहे, सूज उतरवणारं आणि श्वासनलिका मोकळी करणारं औषध एकत्र असलेला. रोजही तोच, अडचणीतही तोच. आणीबाणीचा कागद फ्रिजच्या दारावर. आणि जे पहिल्यांदा जमलं नव्हतं ते त्या दोन रात्रींनी जमवलं : ताई गिरणीतून बाहेर पडल्या. लग्नाआधी शिवणकाम यायचं. मागच्या खोलीत मशीन टाकली, आता ब्लाउज शिवतात. कमाई गिरणीपेक्षा कमी. दळण भरायला एक पोरगा ठेवला आहे.

2025 च्या मध्यापर्यंत स्टेरॉइडच्या गोळीची गरज पडलेली नाही. आकडे बहुतेक 340-350. साखर कारखान्यांच्या दिवसांत ऊसतोड झाल्यावर पाचट पेटवतात, तेव्हा 300 पर्यंत उतरतात. दिवाळीत भाजणीची गर्दी झाली की "दहा मिनिटं" म्हणून त्या आत जातात, हे मला मुलीकडून कळतं. रागावून उपयोग नाही, म्हणून मास्कबद्दल बोलतो.

आज असतं तर

पहिल्या दिवशी तीन प्रश्न विचारले असते : रात्री कितीला जाग येते, दिवसभर कुठे उभ्या असता, सुट्टीवर गेल्यावर कसं असतं. दोन पंपांऐवजी सुरुवातच एकाने केली असती. 'दमा' हा शब्द पहिल्या महिन्यातच उच्चारला असता. मी त्याला ॲलर्जिक खोकला म्हणत राहिलो, घरच्यांना बरं वाटावं म्हणून, आणि ॲलर्जिक खोकल्यासाठी कुणी वर्षभर पंप ओढत नाही. गिरणी सोडण्याबद्दल मात्र मी अजून दोन्हीकडून विचार करतो. पहिल्याच भेटीत हट्ट धरला असता तर त्या माझ्याकडे परत आल्या असत्या का, माहीत नाही.

आमच्या केसपेपरवर आता 'व्यवसाय' या शब्दापुढे दोन ओळी मोकळ्या आहेत, आणि त्या मी स्वतः भरतो.

गेल्या महिन्यात मालक गिरणीतल्या त्या पोराला घेऊन आले. बाविशीचा, जवळच्या वाडीवरचा. "सर्दी हटत नाही याची, डॉक्टर. सकाळपासून शिंकतोय." त्याच्या भुवयांवर पीठ होतं. मी पेन उचललं आणि विचारलं, गावी यात्रेला गेला होतास ना चार दिवस, तिथे शिंका होत्या का?

तो थोडा विचारात पडला. मालक माझ्याकडे बघत होते.